रवळनाथाची मंजुरी

खालच्या वाडीने यंदाही पालखी आमच्या दारी आणली नाही, म्हणून वरच्या वाडीच्या आम्हा मुंबईकरांच्या घाटकोपरमधल्या मंडळाने ठराव केला: वरची वाडी गावापासून फुटली. आमच्या लोकांना भांडायला एवढं पुरतं.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश कोर्टात कारकून. तो म्हणाला, "विधानसभेने कायदा केला तरी राज्यपालांची सही लागते ना? आपला राज्यपाल म्हणजे ग्रामदेव रवळनाथ. त्याचा कौल आणा."

काशीराम गावी गेला. गुरवाने गाऱ्हाणं घालून देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. उजवी पडली, म्हणजे होकार. काशीराम एस्टीतून उतरला तो बॅगेसकट थेट सभेतच आला. पेढे वाटले. लगेच आम्ही पहिला नियम केला: रवळनाथाचं देऊळ खालच्या वाडीत, तेव्हा यापुढे वरच्या वाडीचं कुणीही त्या देवळाची पायरी चढणार नाही.

"झकास! आता हे पक्कं," बाळा म्हणाला.

चहा गाळता गाळता विमलाकाकी म्हणाली, "पक्को कसो रे? ह्या नियमाक देवाचो कौल नको? मगे तो घेवक देवळात कोण जातलो?"

सगळे काशीरामाकडे बघू लागले. त्याने बॅग अजून उघडली नव्हती.