खोलीभर सुटलेला वास

कीर्तीने चेन्नईजवळच्या तांबरममधल्या आपल्या कारखान्याचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. खोलीभर आंब्याचा घमघमाट सुटला होता.

"बघा अम्मा, काय वास!" एकोजी खुशीत म्हणाले. साठीचे एकोजी तंजावरी मराठी, बोलणं निम्मं तमिळ चालीत. फळं वाळवायचं विजेचं कपाट तेच सांभाळत.

कीर्तीने आधी कपाटाचा नॉब पाहिला. काल पंचेचाळीस अंशांवर ठेवलेला, आज सत्तरवर होता.

"मामा, हे कुणी केलं?"

"मीच. काल चार तास वीज गेली. आज दुपारी तुमची सोलापूरची गाडी, म्हटलं त्याआधी फोडी वाळायला हव्यात. भावाच्या लेकीचं बारसं. आत्याच नाही तर नाव कोण ठेवणार?"

तिने एक फोड उचलली. वरून पुठ्ठ्यासारखी, तांबूस. सुरीने मधोमध कापून दाबली, तर अंगठ्याला रस लागला.

"वरचा थर आधीच कडक झाला. आतलं पाणी कोंडलं. आठ दिवसांत बुरशी धरेल."

"पण वास?"

"खोलीत आला म्हणजे फोडीतून गेला, मामा. मंद आचेवर तो आतच राहतो."

एकोजींचा चेहरा पडला. "अय्यो. आमच्या गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे घालतात, ऊन जितकं कडक तितकं बरं. मला वाटलं, हेही तसंच."

नमुना आजच एग्मोरच्या हॉटेलात पोचायचा होता. हॉटेलची ऑर्डर मिळवायची तीन महिन्यांची खटपट त्यावर अवलंबून होती. कीर्तीने हॉटेलच्या पुरुषोत्तमना फोन लावला. "आमच्याकडून चूक झाली. उद्या देते." त्यांनी उद्या संध्याकाळी सहापर्यंत मुदत दिली, पुढे नाही.

नवा घाणा म्हणजे वीस तास. तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "मी नाही जात."

"माझ्यापायी पोर बिननावाची राहायची? मी बसतो. हवं तर नॉबला कुलूप घाला."

"नॉबला कुलूप नसतं, मामा."

"मग माझ्या हातांना घाला!"

तिला हसू आलं. माणूस कामचुकार नव्हता. त्याला कारण कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं तिचं काम होतं. तिने सुरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुसरी फोड कापली, दाबली, बोट चोळून पाहिलं.

"उद्याही अशीच ओली लागली तर?"

"आच नाही वाढवायची. वेळ वाढवायचा."

कीर्तीने बॅग उचलली. एकोजींनी बिघडलेल्या फोडी डब्यात भरून तिच्यापुढे धरल्या.

"टाकायच्या कशाला? गाडीत खा, दोन दिवसांत संपवा. फक्त कुणी बिघडवल्या, ते सोलापुरात सांगू नका."