विरोधातला हात

"ताई, तुम्हाले नुसता हात वर करायचा आहे. भाषण नाई, काई नाई," भूपेंद्रभाऊंनी चहा बशीत ओतला. "मंगळवारी माळटेकडीची वस्ती हटवायचा ठराव झाला, की पुढच्या आठवड्यात महापौराची खुर्ची तुमची."

बाहेर विहारासमोर मांडव सजला होता. शहरात वकिली करून नगरसेविका झालेल्या रक्षा ताकसांडेचा आज तिच्या गावी, अल्लीपुरात सत्कार होता. पक्षाचे शहराध्यक्ष भूपेंद्रभाऊ त्यासाठी मुद्दाम आले होते.

"माळटेकडीच्या लोकांना दुसरीकडे घरं?" रक्षाने विचारलं.

"देऊ ना! पहिले जागा तर खाली होऊ द्या."

माळटेकडीनेच तिला पुढारी केलं होतं. नवी वकील असताना तिने त्या वस्तीसाठी न्यायालयातून स्थगिती आणली आणि बुलडोझरसमोर जाऊन उभी राहिली. त्या वर्षी वस्तीतल्या सुलोचनाबाई नावाच्या भाजीवालीने तिचा हात धरून म्हटलं होतं, "पोरी, तू उभी राह्य. आमी हावो." रक्षा उभी राहिली आणि निवडून आली. दोनदा.

मांडवात भूपेंद्रभाऊंनी माइक हातात घेतला. "तुमची लेक आता शहराची महापौर होऊन राह्यली!" टाळ्या थांबेनात. रक्षाच्या शाळेतल्या बाईंनी डोळे पुसले. रक्षाने हात जोडले, पण बोलायला उभी राहिली तेव्हा महापौरपदाचा शब्दही काढला नाही.

गाड्या गेल्यावर धुरपताबाईंनी लेकीला विचारलं, "त्या भूपेंद्रभाऊचं तोंड काऊन उतरलं होतं व?"

रक्षाने सगळं सांगितलं. पक्षाचा आदेश मोडला, तर खुर्ची राहिली बाजूला, नगरसेवकपदही जाईल, हेही सांगितलं.

धुरपताबाई तांदूळ निवडत होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलेली बाई. त्यांचा हात थांबला.

"तुले महापौर झालेली पाह्यचं होतं मले," त्या म्हणाल्या. मग तांदळातला खडा बाजूला टाकत, "पन त्या बायायच्या घरापुढून तुही गाडी कशी जाईन?"

मंगळवारी सभागृहात ठराव आला. पक्षाचे हात एकदम वर गेले. रक्षाचा हात खालीच राहिला.

"ताई, हात!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

मावळत्या महापौरांनी विचारलं, "विरोधात कोण?"

रक्षा उठून उभी राहिली. हात सरळ वर. विरोधी बाकांवरचे काही सदस्यही मग उठले, पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

"ताकसांडे मॅडम, पक्षादेश माहीत आहे ना?" महापौरांनी बजावलं.

"वकील आहे मी. माहीत आहे. माझं नाव विरोधात लिहा."

ठराव तरीही मंजूर झाला. पायऱ्यांवर भूपेंद्रभाऊ तिच्या आडवे आले.

"खतम झालं तुमचं राजकारण, ताई. काय भेटलं?"

"मी आता कोर्टात, वकिलांच्या बार रूममध्ये चालले आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या ठरावाला आव्हान द्यायचं आहे."

काही महिन्यांत तिचं पद गेलं. दारावरची पाटी, सकाळी अंगणात जमणारी माणसं, सगळंच गेलं. ज्यांची कामं तिने केली होती, त्यांतले काहीजण रस्त्यात दिसले तर मोबाइल कानाला लावून पुढे सरकू लागले. तिने काळा कोट इस्त्रीला दिला आणि तारखांना उभी राहू लागली.

निकालाच्या दिवशी धुरपताबाई अल्लीपूरहून आल्या. सुलोचनाबाईंसोबत मागच्या बाकावर बसल्या.

"आपण नगरसेविका होतात ना?" न्यायमूर्तींनी सहज विचारलं.

"होते, साहेब. आज या लोकांची वकील आहे."

पक्की घरं देऊन होईपर्यंत माळटेकडीच्या एकाही घराला हात लावू नये, असा आदेश झाला. वस्तीतल्या बायका पायऱ्यांवरच फुगड्या घालू लागल्या.

संध्याकाळी रक्षा आईला घेऊन बसस्टँडकडे निघाली. मागून हॉर्न वाजला. दोघी रस्त्याच्या कडेला सरल्या. एक पांढरी गाडी धूळ उडवत त्यांच्या शेजारून गेली.

"कोन होतं व?" धुरपताबाईंनी विचारलं.

"नव्या महापौर."

धुरपताबाईंनी पदराने लेकीच्या कोटावरची धूळ झटकली.

"जाऊ दे त्यायले," त्या म्हणाल्या. "चाल बिगीनं, अल्लीपूरची बस लागली असन."