छतावरचा ड्रॅगन

"हलला! ड्रॅगन हलला!"

तैपेईतल्या आमच्या गल्लीच्या देवळात शे-दीडशे माणसं माना वर करून उभी होती. खाली बांबूच्या तिवईवर पातळ फळी, फळीवर काठोकाठ भरलेलं पितळी तसराळं, शेजारी दिवा. पाण्यावरून उसळलेला उजेड छतावर पडला होता आणि वारा नसताना वळवळत होता; त्यालाच लोक ड्रॅगन म्हणत.

"एक होकार!" देवळातला भगत ल्याओ अंगात आल्यासारखा घुमत ओरडला. "लाकडी कौल माणूस टाकतो. पाण्याला कोण शिवतंय? सांगा, कोण शिवतंय?"

आमच्याकडे देवाला विचारायला कौलाचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात; एक उताणा, एक पालथा पडला की होकार. सलग तीनदा होकार पडला तरच देव हो म्हणाला. ल्याओने तुकडे पेटीत बंद केले, त्यांच्या जागी पाणी आणलं, हललं की होकार; पण तीनाचा नियम ठेवला. दोन होकारांच्या मधे तो जीभ काढायचा, बाह्या झटकायचा, मंत्र लांबवायचा. देव लांबून येतो, वेळ लागणारच, असं लोक म्हणायचे.

माझी शेजारीण चिन-हुआ टोफू विकते. तिच्या छातीत गाठ निघाली. देवळाला लागून असलेल्या इस्पितळाने शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. ती उलटून पाच आठवडे झाले होते. चिन-हुआ ल्याओकडून मंतरलेलं पाणी विकत घेऊन पीत होती.

"अगं, उद्याच्या उद्या जा," मी म्हणालो.

"गुरुजी, सुरी लावू का विचारलं तर पाणी ढिम्म! तीनदा! देवाचं सोडून तुमचं ऐकू? तुम्ही आयुष्यभर पोरांचे कान पिळलेत."

माझं डोकं फिरलं. मी तडक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे यी-रुंग, माझी जुनी विद्यार्थिनी, भल्यामोठ्या सूक्ष्मदर्शकावर काम करते. तिच्या भिंतीवर वेळांचा कागद चिकटवलेला होता.

"हे काय गं?"

"भुयारी गाड्या, गुरुजी. वसंतात नवा मार्ग सुरू झाला ना! गाडी खालून गेली की माझं चित्र बिघडतं. म्हणून दोन गाड्यांच्या मधे फोटो काढते. पायाला कळत नाही, यंत्राला कळतं."

"आणि पातळ फळीवरच्या पाण्याला?"

"नाचेल की! फळी थरथर वाढवते, आणि उजेड छतावर पडला की ती आणखी मोठी दिसते."

रविवारी तो कागद खिशात घालून मी तसराळ्यापुढे बसलो.

"आज मी विचारतो. देवा, हा ल्याओ थापाड्या आहे का?"

ड्रॅगन नाचला. कोणीतरी फिसकन हसलं.

"बसा सगळे. तीन व्हायला हवेत ना?"

सात मिनिटांनी दुसरा. आणखी सात मिनिटांनी तिसरा. ल्याओ किंचाळला, "म्हातारा देवाची चेष्टा करतोय!" मी तसराळं उचललं, जमिनीवर गोधडीची जाड घडी केली, त्यावर ठेवलं आणि दिवाही शेजारी आणला. पुढची गाडी गेली. उजेड जागचा हलला नाही. मग मी ल्याओची बाही वर सारली. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ!

"देवाला घड्याळ कशाला रे लागतं, हलकटा?"

चिन-हुआ पुढे आली. "म्हणजे मी सुरीचं विचारलं, तेव्हा..."

"गाडी नुकतीच गेलेली असायची. तेवढं बघून तो विचारायचा."

"तीनदा?"

"तीनदा."

ती मोठ्याने रडली नाही. "पाच आठवडे, गुरुजी," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी गाठीचा जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. गाठ दीडपट झाली होती. काढता येईल, पण आता काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील, असं ते म्हणाले.

ल्याओ गल्ली सोडून गेला. अजूनही काही जण म्हणतात की गाडीसुद्धा देवच चालवतो. चालवू दे. मग चिन-हुआची तारीख का चुकवली, ते त्यांनी तिला समोर बसून सांगावं.

मुलांनो, काही आपोआप हललं तर हात जोडायच्या आधी खाली वाका आणि खालून काय गेलं ते बघा. आणि तुमच्या आईच्या जिवाचा निवाडा कोणी करायला बसला, तर आधी त्याची बाही वर करा.