शिसे मोजणारा चहाडखोर

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे आणि माझे कुणाशी कधी पटले नाही, हे आधीच सांगून टाकतो. आकाराने मी जेवणाच्या डब्याएवढा. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात शिसे किती आहे, ते मी आकड्यात दाखवतो. एवढेच माझे काम आणि एवढाच माझा गुन्हा.

मी ज्या कारखान्यात आलो, तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतले शिसे वितळवत. त्याची राखाडी धूळ खिडकीच्या गजांवर, चहाच्या कपांवर, कामगारांच्या पापण्यांवर बसे. सुरुवातीला साहेब पाहुण्यांना मला दाखवून म्हणत, "माणसांची किती काळजी घेतो बघा आम्ही!" माझ्या वाट्याचे कौतुक तेवढेच. मग आकडे चढू लागले आणि साहेबांना मी डोळ्यांसमोर नकोसा झालो. कामगार तर माझ्यावर दात खाऊन असत, कारण ज्याचा आकडा चढे त्याला घरी बसवत. धूळ कुणी कमी करीना. माणूसच कमी करत. सगळे मला चहाडखोर म्हणत.

त्यात भट्टीवरचा मुकादम सगळ्यात कडवा. पोटात कळा येत, हात थरथरत, तरी राग माझ्यावर. एकदा आपला आकडा पाहून त्याने टेबलावर मूठ आपटली.

"बाई, हे डबडं गटारात फेका! खोटं बोलतंय."

कारखान्याच्या दवाखान्यात तपासणी करणाऱ्या बाई काही कमी नव्हत्या. "डबडं खोटं, मग तुमचा हात का थरथरतोय?"

"वय झालं."

"चाळिशीत?"

तो लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येताना तो आपल्या लहान लेकीला बखोटीला धरून घेऊन आला. तमाशा पाहायला कामगार दारात गोळा झाले.

"ही माझी पोर. कारखान्याची पायरी कधी चढलेली नाही. हिच्या रक्तात शिसं निघालं, तर हे डबडं घणाने फोडणार मी!"

बाईंनी पोरीचे हात साबणाने घासून धुतले, पुसले आणि बोटाला सुई टोचली. पोर रडली नाही. थोड्या वेळाने मी आकडा दाखवला. लहान मुलीच्या मानाने तो फार मोठा होता.

"बघा! आता बोला!" मुकादम ओरडला. दारात हशा पिकला. कुणीतरी घण आणायला पळालेसुद्धा.

बाई पोरीपुढे उकिडव्या बसल्या. "बाबा घरी आले की तू काय करतेस गं?"

"पळत जाते. बाबा मला उचलतात. मग मी त्यांचे बूट काढते."

"आणि कपडे कधी बदलतात?"

"आधी जरा पडतात. मी त्यांच्या पोटावर बसते."

हशा विरला. मुकादमाने धुळीने राखाडी झालेल्या आपल्या सदऱ्याकडे पाहिले. मग तो लेकीपासून मागे सरला. ती सवयीने हात पसरून पुढे आली, तसा तो खेकसला, "जवळ येऊ नकोस!"

तेव्हा मात्र ती रडली.

त्या दिवशी भट्टी पेटली नाही. मुकादम कामगारांना घेऊन साहेबांपुढे उभा राहिला. त्याला न्हाणीघर हवे होते आणि कामाचे कपडे कारखान्यातच धुण्याची सोय हवी होती.

साहेब म्हणाले, "ते यंत्र बिघडलंय रे."

"सकाळपर्यंत मीही हेच म्हणत होतो. बिघडलंय ना? मग तुमचं बोट पुढं करा."

साहेबांनी हात खिशात घातला.

न्हाणीघर झाले, पण साहेबांनी डूख धरला. न्हाणीघराचे नळ सुरू झाले त्याच आठवड्यात मुकादमाला कामावरून काढले. तरी तो लेकीला तपासायला आणत राहिला. बाईंनी फाटकावरच्या पहारेकऱ्याशी भांडून त्याला आत घेतले. पोरीचा आकडा हळूहळू उतरला. मुकादमाने भीतभीत विचारले, "म्हणजे आता बरी झाली ना?" बाई म्हणाल्या, "आकडा उतरलाय. मेंदूला जे लागायचं ते लागलं असेल, तर ते मोठी झाल्यावरच कळेल." त्याने मान खाली घातली, पण मला शिवी दिली नाही.

पुढे 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवून मला अडगळीत टाकले. मी नादुरुस्त नाही.

मित्रांनो, माझ्यावर माया करू नका. मला तिची सवय नाही. पण तुमच्या घरचे कुणी धुळीने माखून कामावरून परतले, तर आधी त्यांना आंघोळीला पाणी द्या, मगच गळ्यात पडा. आणि हे पाणी त्यांना कामावरच का मिळाले नाही, हे मोठ्याने विचारा. तुम्हालाही चहाडखोर म्हणतील. म्हणू देत.