योगेंद्रची कंबर आणि गवताची मशीन

२००५ साली योगेंद्रनं कापडाच्या दुकानाला जोड म्हणून वर्ध्याजवळ नालवाडीत लग्नाचं लॉन सुरू केलं. दीड एकर हिरवळ आणि मधे कडुनिंबाची झाडं. हातमशीननं गवत कापत एका टोकाला पोचावं, तोवर दुसऱ्या टोकाचं पुन्हा वाढलेलं असायचं. शेवटी बायकोला, हर्षाला, घेऊन तो नागपूरला जुन्या मशिनी विकणाऱ्या बंडूजींच्या गोदामात गेला. तिथं बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या दोन मोठ्या मशिनी विकायला होत्या. दोन्ही मागून चालत चालवायच्या.

"हे पट्ट्यावर चालते," बंडूजी म्हणाले. "पट्टा तुटला तर वर्ध्यातच भेटन. पण मागं घ्यायची तर हातानं ओढा लागते. आन् हे हायड्रोवाली, तेलाच्या दाबावर चालते. दांडी मागं केली का मशीन आपोआप मागं. पण बिघडली तर इथंच आणा लागन."

"हायड्रोवाली घ्या," हर्षा म्हणाली. "आपल्या इथं झाडं किती! सारखी मागं घ्या लागन. आन् तुमची कंबर..."

परक्या माणसापुढं कंबरेचा विषय निघाल्यावर योगेंद्रनं छाती पुढं काढली. "माझ्या कंबरेले काय झालं? रोज कापडाचे गठ्ठे उचलतो मी."

खरं तर गठ्ठे दुकानातली माणसं उचलत. तो नुसता "सांभाळून, सांभाळून" म्हणायचा.

गोदामाच्या गुळगुळीत फरशीवर त्यानं पट्ट्याची मशीन हातभर मागं ओढून दाखवली आणि तीच घेतली.

लॉनवरच्या एका लग्नाच्या दिवशी सकाळी तो स्वतःच कापायला उतरला. मशीन सरळ रेषेत छान धावली. मग पहिलं झाड आलं. ओल्या गवतात ते धूड मागं ओढता ओढता त्याच्या तोंडाला फेस आला. तिसऱ्या झाडाशी कंबरेत कट्‌कन आवाज झाला आणि योगेंद्र वाकला तो वाकलेलाच राहिला.

तेवढ्यात तयारी बघायला नवरदेवाचे वडील, प्रभाकरराव, आले. लॉनचा मालक एवढा वाकून नमस्कार करतोय म्हटल्यावर ते अगदी संकोचले.

"अहो, उठा ना! एवढा मान कशाले?"

"उठता येऊन नाई राह्यलं," योगेंद्र गवताकडं बघत म्हणाला.

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी कंबरेला पट्टा बांधायला दिला. त्या संध्याकाळी कोचावर ताठ बसून तो आल्यागेल्याला सांगत होता, "मले पट्टा असलेली मशीन पाहिजे होती. आता मीच पट्टेवाला झालो."

महिनाभरानं हर्षानं त्याला मशीनसकट पुन्हा नागपूरला नेलं. या वेळी तिनं दोन्ही मशिनी गोदामामागच्या मैदानात चालवून पाहिल्या, वळवल्या, मागं घेतल्या. योगेंद्र सावलीत खुर्चीवर बसून होता.

"भाऊ, तुमचं काय मत?" बंडूजींनी विचारलं.

"माझं मत घरीच ठेवून आलो," योगेंद्र म्हणाला.

पट्ट्याची मशीन देऊन हायड्रोवाली आणली. ती झाडांभोवती अलगद फिरे, मागंही येई. पहिल्याच आठवड्यात तिच्यातून तेल गळलं आणि हिरवळीवर परातीएवढा पिवळा डाग पडला. योगेंद्रनं मोठ्या खुशीत हर्षाला हाक मारून तो दाखवला. तिनं मांडववाल्याला बोलावून स्टेज त्या डागावरच लावायला सांगितलं.