पाठ उसवलेला कोट

आमच्या स्टुडिओतला काळा कोट मी प्रदर्शनाला दिला, तेव्हा त्यातून असं काही निघेल असं वाटलं नव्हतं.

जुन्या पोस्टाच्या इमारतीत गावाच्या वस्तू मांडायचं वाचनालयाच्या बाईंनी मनावर घेतलं. कुणी कंडक्टरचा तिकीट-पंच दिला, कुणी बंद पडलेल्या टॉकीजची पाटी, कुणी वखारीतला तराजू. आमच्या घरी हा कोट होता. माझे यजमान फोटोग्राफर. त्या काळी गावात कोट असलेली माणसं थोडी आणि कोटातला फोटो हवा असलेली फार. म्हणून यांनी एक कोट ठेवला आणि तो जाड्या, बारक्या सगळ्यांना बसावा म्हणून त्याची पाठ उभी उसवून नाड्या लावल्या. "समोरून साहेब, मागून नाडी," असं म्हणून हे हसायचे, पण फक्त घरात. गिऱ्हाइकाचं गुपित बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा यांचा धंद्यातला नेम. हे गेल्यावरही मी तो पाळला होता. आता कोटातले बहुतेक साहेब भिंतीवर फोटो होऊन बसलेत, कुणाला काय वाईट वाटायचंय, असा मी विचार केला.

बघायला मी नर्सबाईला घेऊन गेले. ती माझी शेजारीण. सरकारी दवाखान्यात जन्म गेला, म्हणून अख्खं गाव तिला नर्सबाईच म्हणतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा तापाने गेला. पुढे ती एकटीच राहिली, नाकावर माशी बसू न देता. सख्खा दीर बाहेरची नोकरी संपवून परत आला तो मागच्याच गल्लीत, पण त्याच्या घराची पायरी ती कधी चढली नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याला ठाऊक आहे."

कोटासमोर येताच ती थांबली. सगळी बटणं काळी, वरचं तेवढं तपकिरी. त्यावर तिने बोट ठेवलं.

"आणून दिला शेवटी चोराने."

"कुणी गं?"

"माझ्या दिराने, दुसरं कोण! हे गेले तेव्हा ट्रंकेत कोट नव्हता. ट्रंक आवरली त्याने, आणि आठवड्याभरात गाव सोडून नोकरीला गेला. विकून खाल्लान असं वाटत होतं. आता मरायला टेकल्यावर उपरती झालीय."

"अगं, हा आमचा कोट. स्टुडिओतला."

"काहीतरीच! ह्यांनी शिवून घेतला होता. ट्रंकेत जपून ठेवलाय, असं मला स्वतः सांगितलं होतं. फोटो आहे माझ्याकडे, हेच बटण."

मी कोट खुंटीवरून काढला. वाचनालयाच्या बाई ओरडल्या, "आजी, हात लावू नका!" मी तो उलटा केला. मधोमध फाट, दोन्ही बाजूंना मळलेल्या नाड्या. नर्सबाईने फाटीत हात घातला, तो पुढून बाहेर आला. मग तिने कोटामागच्या भिंतीवर लावलेले आमच्या स्टुडिओतले जुने फोटो पाहिले. पोस्टमास्तर, बेकरीवाला, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांच्या गळ्याशी तेच वेगळं, फिकट दिसणारं बटण.

"म्हणजे ते खोटं बोलले माझ्याशी?"

"नवी बायको होतीस. रुबाब दाखवायचा असेल."

"रुबाब!" ती म्हणाली. "आणि मी साप साप म्हणून भुई धोपटत बसले."

ती तडक बाहेर पडली. मी मागे. गुडघ्यांचं रडगाणं गाणारी बाई मागच्या गल्लीपर्यंत कुठे थांबली नाही.

दार दिराच्या सुनेने उघडलं. सासऱ्यांच्या आजारपणासाठी ती नुकतीच शहरातून आलेली. तिने आमच्याकडे पाहिलं. "कोण हवंय आपल्याला?" मीच म्हटलं, "तुझ्या सासऱ्यांची वहिनी आहे ही."

खाटेवर माणूस कसला, नुसती हाडं होती. पण त्यांनी ओळखलं. उठायला धडपडले.

"वहिनी? तुम्ही?"

"पडून राहा, भाऊजी." ती उभीच होती. "एवढंच सांगायला आले, कोट सापडला. तुम्ही नव्हता नेला."

"कुठला कोट?"

"ह्यांचा. काळा. त्यापायी तर..."

त्यांना काही उमगलं नाही. ते म्हणाले, "मला वाटायचं, डॉक्टरमुळे. त्या दिवशी डॉक्टरला आणायला मी निघालो, तर वाटेत सायकलची चेन पडली. पोचायला उशीर झाला. दादा माझ्यामुळे गेला, म्हणून तुम्ही तोंड बघत नाही. मला पटायचं ते, वहिनी. माझ्या मुलांनाही मी हेच सांगत आलो."

नर्सबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसली.

"उशीर नव्हता झाला हो," ती म्हणाली. "ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर आदल्या दिवशी आला असता तरी काही झालं नसतं. मला तेव्हाच माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

सून पाण्याचे पेले घेऊन दारातच थबकली. ते तिच्याकडे नाही, वहिनीकडेच बघत होते. उत्तराची वाट बघत.