दहातले पाच

सोआकाई लातू मैदानात कधी कुणाला चकवून गेला नाही. समोर तिघं असोत की चौघं, गडी चेंडू पोटाशी धरायचा आणि सरळ त्यांच्यात घुसायचा. रग्बी लीगमध्ये प्रॉपचं कामच ते. धडकायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा धडकायचं. सोळा मोसम आणि दोनशे एक्क्याण्णव सामने त्याने हेच केलं. पश्चिम सिडनीत दोन-चार घरांत तरी त्याच्या नावाची पोरं होती.

आता नऊच सामने उरले होते. तीनशे झाले की बस्स. तिकडे टोंगात त्याच्या आईने चार बाया जमवून झाडाची साल कुटायला घेतलीसुद्धा होती. तिचं लांबच लांब कापड करतात आणि मोठ्या दिवशी माणसाला चालायला अंथरतात.

"तीस हात झालंय," आई फोनवर सांगायची. "त्याच्यावरून चालत मैदानात जायचं. वाकडातिकडा चाललास तर बघ!"

"आई, मी आयुष्यात वाकडा चाललोय का कधी?"

एका वर्षाचा करार तयार होता. हवी होती ती फक्त क्लबच्या डॉक्टरची सही, आणि त्यासाठी डोक्याची परीक्षा.

ही परीक्षा दर मोसमाआधी सगळ्यांचीच व्हायची. डॉक्टर दहा शब्द वाचणार, ते आपण परत म्हणायचे. जे गुण पडतील ते फायलीत जायचे. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा, आणि गुण आधीपेक्षा घसरले की गडी बाहेर. पण आधीच कमी घेऊन ठेवले, तर घसरणार कुठून? ही अक्कल सोआकाईला आठ वर्षांपूर्वी आली. म्हणजे शिकवली क्लिंट हॅरिगनने, त्याच्या जोडीच्या प्रॉपने. तेव्हापासून सोआकाई दर वर्षी वेड पांघरून पेडगावला जात होता. पाच शब्द म्हणायचे, मग डोकं खाजवायचं, छताकडे बघायचं, आणि म्हणायचं, "नाही बुवा आठवत. मी प्रॉप आहे, डॉक्टर." जुना डॉक्टर पोट धरून हसायचा. त्या पाचांच्या जिवावर सोआकाई किती वेळा गरगरत्या डोक्याने मैदानात परतला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. लोक टाळ्या वाजवायचे.

यंदा डॉक्टर बदलली. हॅलोरनबाई साठीच्या, आवाजाने खणखणीत. सोआकाई खुर्चीत बसला न बसला तोच त्यांनी आठ कागद त्याच्यापुढे मांडले.

"पाच, पाच, पाच, पाच, आणि हे घे, पुन्हा पाच! अरे, खऱ्या माणसाचे एका साली सहा येतात, एका साली आठ. तुझे आपले दर साल पाच. मला काय दुधखुळी समजलास?"

सोआकाई खो खो हसला. सापडलो तर सापडलो, त्यात लाजायचं काय? "चोरी कबूल, डॉक्टरबाई. आता शिक्षा सांगा."

"खरी परीक्षा दे. आत्ताच्या आत्ता सही करते."

"वाचा मग. दहाच्या दहा घ्या!"

त्याने बाह्या सरसावल्या. मनगटावर निळ्या पेनाने काहीबाही लिहिलेलं होतं.

"हे काय? कॉपी?"

"बायकोने लिहिलंय, घरी न्यायचं सामान. मेलेआनेचं प्रेम आहे म्हणून ती हातावर लिहिते. बाकीच्यांच्या बायका नुसत्या ओरडतात."

बाईंनी चष्मा चढवला आणि सावकाश वाचलं. उशी, लिंबू, शिडी, साबण, घोडा, खिडकी, मध, बादली, कात्री, ढग.

"उशी, लिंबू, शिडी, साबण," सोआकाई धडाधड म्हणत सुटला. "ढग."

नेहमी तो इथेच थांबायचा. आज त्याला पुढे जायचं होतं आणि पुढे काही नव्हतंच. त्याने डोकं खाजवलं. छताकडे बघितलं. हे सगळं तो आठ वर्षं करत आला होता, पण असं कधी केलं नव्हतं.

"बाहेर ते गवत कापायचं यंत्र चाललंय ना," तो म्हणाला, "त्याने लक्षच लागत नाही. दुसरी यादी घ्या."

बाईंनी उठून खिडकी लावली आणि दुसरी यादी वाचली. या वेळी चारच आले.

बाई भडकल्या. "पुरे झाली नाटकं! आत्ता कबूल केलंस ना? मग पुन्हा तेच? जा, पाच मिनिटं बाहेर जा, तोंडावर पाणी मार. नाटक सोडलंस तर सही, नाहीतर चालता हो!"

बाहेर बाकावर क्लिंट गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. "झाली सही?"

"पाचाच्या वर गेलो नाही."

"वा रे वाघा! हिलाही फसवलंस?"

"फसवलं नाही रे," सोआकाई म्हणाला.

क्लिंटचं हसू उतरलं. त्याने खिशातून फोन काढला. "हे बघ, हिच्याकडे सहाच याद्या आहेत आणि सहाच्या सहा माझ्याकडे आहेत. आज डोकं दुखतंय म्हण, सोमवारी ये. तोवर घोकून काढ. नऊच सामने, लेका! तिकडे म्हातारी कापड कुटतेय."

खरंच किती सोपं होतं! सोआकाईने फोन घेतला, यादी वाचली, आणि मेलेआनेच्या अक्षरावर त्याची नजर गेली. पाव, दूध, अंडी, कंद. खाली, दोनदा अधोरेखित: लोसेला शाळेतून आण. मागे एकदा लेक दीड तास शाळेच्या फाटकाशी उभी होती, तेव्हा त्याने रहदारीवर ढकललं होतं. मेलेआने भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती हातावर लिहायला लागली. आणि हा शहाणा क्लबभर सांगत सुटला होता, प्रेम म्हणून!

अंगावर धावून येणाऱ्या सव्वाशे किलोच्या गड्यांची त्याला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली.

"नको," त्याने फोन परत दिला. "आणि क्लिंट, तूसुद्धा एकदा खरी देऊन बघ."

"मला काय धाड भरलीय?" क्लिंट म्हणाला, पण त्याच्याकडे न बघता.

सोआकाईने तोंडावर पाणीबिणी मारलं नाही. सरळ दार ढकलून आत गेला.

"सोडलंस का नाटक?" बाई म्हणाल्या.

"नाटक नव्हतं, डॉक्टरबाई. दोन्ही वेळा होती नव्हती तेवढी ताकद लावली."

बाईंनी चष्मा काढला. "कधीपासून असं होतंय?"

"तेच तर कळायला मार्ग नाही," सोआकाई म्हणाला. "आठ वर्षं खोटे पाच सांगितले. ते खरे कधी झाले, मलाच कळलं नाही."

बाईंनी करार उचलून बाजूला ठेवला आणि मेंदूच्या मोठ्या डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. त्याने तिथूनच आईला फोन लावला. नऊ सामने राहिले, आता होणार नाहीत, आणि का ते, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे कुटण्याचा आवाज थांबला.

"कापड वाया जात नसतं," आई म्हणाली. "घरी ये. फाटकापासून अंथरते. सरळ चालत ये म्हणजे झालं."

"सरळच येतो, आई."

मग त्याने डॉक्टरबाईंचं पेन मागून घेतलं आणि मनगटावर पाचव्याच्या खाली सहावं लिहिलं: मेलेआनेला सगळं सांग. लोसेची शाळा सुटायला अजून अर्धा तास होता. तो लगेच निघाला.